विहिरीतलं नायट्रेट कमी करायचं तर शिवारात काय करावं?

मोहोळ तालुक्यातल्या, सीना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठच्या गावातून एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "ओढ्याचं खोलीकरण झालं, दोन सिमेंट बंधारे झाले. पूर्वी डिसेंबरात तळ गाठणाऱ्या विहिरींना आता मार्चपर्यंत पाणी असतं. पण ग्रामपंचायतीच्या विहिरीचा अहवाल आला, त्यात नायट्रेट ७८. निम्मं गाव आरओचे जार आणतंय. आम्ही डझनभर शेतकरी काहीतरी करायला तयार आहोत. आणखी एक बंधारा मागावा, की दुसरं काही करावं? आणि फरक कधी दिसेल?"

या कामासाठी बंधारा मागू नका. बंधारा पाणी थांबवतो, थोडा गाळही थांबवतो, पण पाण्यात विरघळलेलं त्याला थांबवता येत नाही. उलट बंधाऱ्यातलं पाणी मुरमातून शेजारच्या विहिरींत उतरतं तेव्हा जे काही विरघळलंय ते सोबतच घेऊन उतरतं. जलयुक्त शिवार म्हणा, श्रमदानाच्या स्पर्धा म्हणा, गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाणलोटाची भरपूर कामं झाली आणि त्यांचा उपयोगही झाला. पण हिशेब ठेवला गेला तो किती टीसीएम (हजार घनमीटर) पाणी अडलं याचा. ते पाणी कुणाच्या उसातून, कुणाच्या उकिरड्यावरून आलं, हे फार थोड्या गावांनी विचारलं. पाणी वाढलं की बागायत वाढते, बागायत वाढली की युरिया वाढतो, आणि तो युरिया त्याच विहिरीत परत येतो. तुमचं गाव नेमकं इथेच येऊन उभं आहे.

आधी तो अहवाल नीट वाचा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. पण काही प्रयोगशाळा आकडा 'नायट्रेट' म्हणून देतात, काही 'नायट्रेट-नत्र' म्हणून. दुसऱ्या पद्धतीतले १० म्हणजे पहिल्या पद्धतीतले जवळपास ४५. गुणायचं ४.४३ ने. म्हणजे नायट्रेट-नत्र १२ आलं आणि तुम्ही "मर्यादा ४५, आपलं १२, बरं आहे" म्हणालात, तर फसलात. तुमचे ७८ कोणत्या पद्धतीतले, हे प्रयोगशाळेला फोन करून विचारून घ्या.

टीडीएसच्या पेनवर विसंबू नका. ते पेन एकूण क्षार दाखवतं, त्यातलं नायट्रेट किती हे त्याला कळत नाही. टीडीएस ४०० असलेल्या 'गोड' पाण्यात नायट्रेट ७० असू शकतं आणि मचूळ लागणाऱ्या पाण्यात १५. मशीन विकायला येणारे दोन लोखंडी कांड्या ग्लासात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतात, तो तर निव्वळ खेळ आहे. कांडीचं लोखंड सुटतं आणि लोक घाबरून बुकिंग करतात.

काम सुरू होईपर्यंत एक गोष्ट मात्र आजच सांगा: सहा महिन्यांच्या आतलं मूल वरच्या दुधावर असेल तर त्या घरी हे पाणी दूध कालवायला वापरायचं नाही. लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. आरओने ते निघतं, म्हणून जार आणणारे मूर्ख नाहीत.

आता काम. एका विहिरीच्या अहवालावर काहीच ठरवू नका. तुमच्या ओढ्याच्या दोन्ही काठच्या, माथ्यापासून गावठाणापर्यंतच्या पंधरा-वीस विहिरी निवडा. बारा शेतकरी शिवारभर विखुरलेले असतील तर त्यांच्यातले एकाच ओघळीला लागून असलेले पाच-सहा धरा आणि राहिलेल्या विहिरी त्यांच्या बांधशेजाऱ्यांच्या घ्या. पावसाआधी मे महिन्यात एकदा आणि पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा नमुने घ्या. मोटार थोडा वेळ चालू द्यायची, मग त्याच पाण्याने तीनदा विसळलेल्या बाटलीत काठोकाठ भरायचं. खताच्या किंवा औषधाच्या जुन्या बाटल्या अजिबात चालणार नाहीत. बाटलीवर गट नंबर, तारीख आणि पाण्याची पातळी लिहायची, बाटली सावलीत, शक्यतो बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. मग गावच्या नकाशावर, तलाठ्याकडच्या साध्या गाव-नकाशावरसुद्धा चालेल, प्रत्येक विहिरीला रंग द्यायचा: ३० च्या आत हिरवा, ४५ पर्यंत पिवळा, वर लाल.

हा नकाशा लागला की अर्धी भांडणं आपोआप मिटतात. लाल ठिपके गावठाणाभोवती असतील, तिथे क्लोराइडही जास्त आणि जंतूंची तपासणीही खराब असेल, तर दोष शोषखड्डे, गटार आणि विहिरीच्या तोंडाशी असलेल्या उकिरड्यांचा. तिथे शेतकऱ्यांनी कितीही खत कमी केलं तरी आकडा हलणार नाही. लाल ठिपके वस्त्यांपासून लांब, ऊस आणि कांद्याच्या पट्ट्यात असतील, तर मग आपलं दप्तर उघडायचं. दोन्हीकडे लाल असेल तर दोन्ही कामं करावी लागतील. ही ढोबळ पारख आहे, पण गावाला कुठे हात घालायचा हे ठरवायला पुरते.

आता युरियाचा हिशेब. कागद-पेन घेऊन गटासमोर करा, भाषणापेक्षा जास्त कामाला येतो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. हे सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात गेलं तर साधारण ९२ किलो नायट्रेट. इतकं नायट्रेट वीस लाख लिटर स्वच्छ पाणी ४५ च्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. तीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते भरतं चार लाख लिटर. म्हणजे एका गोणीचा पाचवा हिस्सा जरी मुळांखाली निसटला तरी एक भरलेली विहीर मर्यादेला टेकली. आणि गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. इतकी स्वस्त वस्तू हात राखून कोण वापरणार? सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या उसाला, कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी पाच गोण्यांच्या आत, आणि त्यात डीएपी, १०:२६:२६ या खतांमधून येणारं नत्रही धरायचं. पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या आडसालीला हेक्टरी ४०० किलो. आपल्या भागात सुरू उसालाच आठ-दहा गोण्या सहज पडतात, वर शेणखत, कोंबडी खत वेगळं. सेंद्रिय म्हणजे नायट्रेट होत नाही हा गैरसमज आहे, तोही गटात बोलून टाका. कच्च्या कोंबडी खताच्या दोन ट्रॉल्या पावसाच्या तोंडावर पडल्या तर त्या युरियापेक्षा वाईट.

पण प्रमाणापेक्षाही वेळ आणि पद्धत जास्त महत्त्वाची. संध्याकाळी युरिया सरीत फोकला जातो, रात्रपाळीची थ्री-फेज आली की ऑटोस्विचवर मोटार आपोआप सुरू होते, आणि पाणी पहाटेपर्यंत सरीतून पुढच्या बांधापर्यंत जातं. काळ्या रानाला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांत हात कोपरापर्यंत जातो. पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली मुरमात उतरतं, वाटेत मुळाला शिवतही नाही. युरिया अजून युरियाच असतो तोवर मातीला चिकटत नाही. त्याचा अमोनियम झाला की काही दिवस माती त्याला धरते. पुढे त्याचं नायट्रेट झालं की पुन्हा मोकळा, कारण आपल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋण भार. म्हणून आधी हलकं पाणी देऊन भेगा मिटवायच्या, वाफसा आला की खत मातीआड करायचं, आणि नंतरचं पाणी हलकं. आपल्या चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वरच्या जमिनीत उघडा पडलेला युरिया हवेतही उडतो, म्हणजे मातीआड करण्यात दुहेरी फायदा. उसाला नत्र लागणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, आणि मोठ्या बांधणीला ४०, हा विद्यापीठाचा हप्ता बहुतेकांना पाठ असतो. पाळतात थोडे, कारण गोण्या एकदम आणल्या की घरात ठेवायला जागा नसते.

खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पहारीने खत द्या. बुडख्यापासून वितीच्या आत, वितभर खोल भोक, त्यात मिश्र खताची मूठ, आणि भोक बुजवायचं. दोन माणसं लागतात, एकजण पहार मारतो, मागून दुसरा खत सोडतो. तोडणीनंतर पंधरवड्याच्या आत पहिला हप्ता आणि साधारण साडेचार महिन्यांनी दुसरा. लोक म्हणतात मजुरी परवडत नाही. दोन गोण्या वाचतात त्याने मजुरी फिटत नाही हे खरं, युरिया इतका स्वस्त आहे की फिटणारच नाही. पण त्याच सोबत पाचट न जाळता सरीत दाबून ठेवलं तर एक-दोन पाण्याच्या पाळ्या वाचतात आणि तणाची खुरपणीही, तेव्हा हिशेब बसतो. पाचट ठेवलेल्या रानात युरिया नुसता वरून फोकून भागत नाही, ही त्यातली खरी गंमत. पद्धत बदलावीच लागते.

ठिबकवाल्यांना वाटतं आपण सुटलो. ठिबकने खत मोजून जातं हे बरोबर, पण तुमच्या गटातल्या प्रत्येक विहिरीवर जाऊन एक गोष्ट बघा: व्हेंच्युरीच्या (टाकीतलं खत ओढून पाइपात सोडणाऱ्या नळीच्या) आधी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आहे का. नसेल तर वीज गेल्यावर पाइपातला सगळा लोंढा उलटा विहिरीत येतो, आणि टाकीतलं खत, कधी ॲसिडसुद्धा, सोबत ओढून आणतो. लोडशेडिंगच्या भागात हे आठवड्यातून किती वेळा होत असेल विचार करा. फवारणीचा ब्लोअर भरताना पाइप टाकीतल्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, तिथेही हाच प्रकार. पाइप टाकीच्या तोंडाच्या वर लटकवायचा, आणि ब्लोअर धुवायचा तो ओढ्यात किंवा विहिरीच्या थारोळ्याशी नाही, बागेतल्याच रिकाम्या ओळीत. डाळिंब, द्राक्षाच्या भागात तेल्या आणि डाऊनी या रोगांच्या भीतीने इतक्या फवारण्या होतात की हा साधा झडपेचा मुद्दा वर्षाच्या खतनियोजनाइतका मोलाचा ठरतो. एनआरव्ही काही शे-हजार रुपयांचा. गटाने सगळ्यात आधी हे एकच काम संपवलं तरी चालेल, कारण त्यात कुणाचं उत्पन्न कमी होण्याची भीती नसते.

खत कमी करा म्हटलं की उत्पन्नाची भीती येते, आणि ती रास्त आहे. म्हणून "कमी करा" असं मी कधी म्हणत नाही. विहिरीच्या पाण्यातलं खत मोजायला सांगतो. तुमच्या पाण्यात नायट्रेट ६० असेल आणि एकरभर उसाला वर्षात मीटरभर पाणी त्या विहिरीतून गेलं, तर त्या पाण्यासोबत ५५ किलोच्या आसपास नत्र शेतात पडतं. अडीच गोण्यांच्या वर. पाटपाणी देणारे किंवा मोकाट पाणी देणारे तर मीटरच्या कितीतरी पुढे जातात. ते सगळं पिकाला लागू पडेल असं नाही, पण निम्मं धरलं तरी एक गोणी फुकट मिळाली. मग दहा गुंठ्यांत एक हप्ता एका गोणीच्या हिशेबाने कमी करून बघा, बाकी तीस गुंठ्यांत नेहमीसारखं. तोडणीला दोन्हींची मोळी वेगळी मोजा, ट्रॉली वेगळी भरता आली तर काट्यावर वजन वेगळं घ्या. ऊसवाल्याला काट्याच्या पावतीइतकं दुसरं काही पटत नाही. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला आणि कारखान्याच्या चिटबॉयला (उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला) या दहा गुंठ्यांवर बोलवा. खताचा डोस प्रत्यक्षात हीच दोन माणसं ठरवतात. त्यांना वगळून केलेला गट दुसऱ्या हंगामात मोडतो.

कांद्याकडे वेगळं बघा. सोलापूर बाजाराच्या भरवशावर आपल्याकडे कांदा वाढलाय आणि कांद्याची मुळं फूटभर खोल, खत मात्र भरमसाट. राहिलेलं नत्र खालीच जातं. कांदा निघाल्यावर रान मोकळं न सोडता कडवळ (चाऱ्याची ज्वारी) किंवा मका घ्या, पेरणीला नत्र न देता. खोल मुळांची पिकं ते वर ओढून आणतात, जनावरांना चाराही होतो. रब्बीची मालदांडी ज्वारी याच कामाला उत्तम, तिची मुळं काळ्या रानात बरीच खोल जातात.

आता कोरडवाहू रानाचं. आपला रब्बीचा पट्टा, त्यामुळे जून ते सप्टेंबर भारी जमिनी मोकळ्या असतात, तण मारायला पुन्हा पुन्हा कुळवलेल्या. आणि साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या आपल्या पावसातला मोठा भाग पडतो सप्टेंबरमध्ये, परतीच्या सरींत. उघडी, भुसभुशीत माती आणि तासाभरात धो-धो पाऊस. ओढा चहासारखा लाल वाहतो तो इथून. मातीसोबत स्फुरद (फॉस्फरस) जातं, कारण नायट्रेटच्या उलट ते मातीच्या कणाला घट्ट चिकटून असतं, आणि तळ्यात, शेततळ्यात हिरवं शेवाळ माजतं ते त्यावर. यावर सोलापूरच्याच कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३० च्या दशकापासून काम झालंय: समतल मशागत, बांधबंदिस्ती, कप्पेबंदी, बंदिस्त सऱ्या. पेरणीआधी सारे पाडायच्या यंत्राने कप्पे पाडले की पाणी जागच्या जागी मुरतं आणि ज्वारीलाही ओल मिळते. पाण्याची गुणवत्ता आणि ज्वारीचं उत्पन्न इथे एकाच बाजूला आहेत, म्हणून हे पटवायला सोपं.

खरिपात मूग किंवा उडीद घेऊन रान झाकावं का? मध्यम खोल रानात पाऊस वेळेवर असेल तर साठ-पासष्ट दिवसांचा मूग घ्या. अगदी भारी रानात जुने लोक "ज्वारीची ओल खाईल" म्हणून नाही म्हणतात, आणि परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी ते बरोबर ठरतात. तिथे बांधावर आणि उताराला आडव्या पट्ट्यांत गवत ठेवा, बाकी कप्पे पुरेत.

ओढ्याच्या काठाला नांगर टेकवणं थांबवलं पाहिजे. दोन्ही बाजूंना तीन-चार मीटरचा पट्टा, मारवेल गवत किंवा वाळ्याची ओळ. दोन गुंठे जमीन गेली अशी कुरकुर होईल. दूध घालणाऱ्याला चारा म्हणून द्या, कुरकुर थांबते. पण या पट्ट्याकडून एक अपेक्षा ठेवू नका: तो गाळ, स्फुरद आणि मातीला चिकटलेली औषधं अडवतो. नायट्रेट त्याच्या खालून, मुरमातून जातं. गवत लावून विहिरीचा आकडा उतरेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गटात कुणीतरी उजनी धरणाचा विषय काढेलच. "पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, उन्हाळ्यात धरण हिरवं होतं, आणि आम्ही दोन गोण्या मोजायच्या?" तक्रार खरी आहे आणि ती वेगळ्या ठिकाणी, जोरात मांडली पाहिजे. पण तुमचा ओढा उजनीतून येत नाही. तुमच्या वरच्या अंगाला कालव्याचं पाणी नसेल तर तुमच्या विहिरीत जे आहे ते तुमच्याच माथ्यावरून उतरलेलं आहे. कालव्याखाली असाल तर चारीच्या पाण्याचाही एक नमुना घ्या आणि आकडा नकाशावर लिहा, वाद तिथेच संपेल.

आकडे आले की ते आधी ज्याची विहीर त्याला, त्याच्या घरी जाऊन दाखवा. थेट ग्रामसभेत लाल ठिपक्यासकट नाव वाचलं तर तो माणूस पुढच्या वेळी नमुना देणार नाही, आणि त्याचे भाऊबंदही देणार नाहीत. सभेत नकाशा लावायचा तो गट नंबरांशिवाय. पाणी भरणाऱ्या बायकांना, बचतगटाला या बैठकीत आधीपासून घ्या. जारला महिन्याला किती पैसे जातात हे त्यांनाच माहीत असतं.

फरक कधी दिसेल? ओढ्यात, गाळाच्या बाबतीत, पहिल्याच सप्टेंबरमध्ये. उथळ विहिरींचं नायट्रेट दोन-तीन पावसाळ्यांत उतरायला लागलं तर काम नीट चाललंय असं समजा. पहिल्या वर्षी उलट वाढलेलंही दिसू शकतं, कारण मातीत साठलेलं जुनं नत्र चांगल्या पावसाने एकदम खाली धुतलं जातं. म्हणून मेची तुलना मेशी करा आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी, पाण्याची पातळी शेजारी लिहून. बोअरचं पाणी जुनं आणि खोलातलं असतं, त्याला आणखी उशीर लागेल, तिथे दरवर्षी तपासण्यात पैसे घालवू नका. ते पैसे गावठाणाच्या विहिरीभोवतीचे उकिरडे हलवायला वापरा. ग्रामपंचायतीची ती विहीर गावठाणात असेल तर तुमचे ७८ बहुधा तिथूनच खाली येतील, उसातून नंतर.